पालथा कप

"म्हणजे कॉफी चांगली की वाईट? एक काय ते सांगून टाका ना, बुवा."

उकंडबुवांनी मान वर केली नाही. मांडीवर सूप होतं, सुपात वाळलेल्या कॉफीच्या बिया होत्या आणि त्यांचं खडे निवडणं चाललं होतं.

"कोन इचारून राह्यलं?"

"मीच. गुल्हाने."

"ते दिसते मले. पेनारा गुल्हाने इचारते का सोडनारा?"

"सोडणारा," मास्तर म्हणाले आणि नकळत जरा ताठ बसले.

"मंग सोडली ना? आता चांगली असो का वाईट, तिच्या घरी."

"असं कसं, बुवा? सोडलेली वस्तू चांगली असेल तर तो त्याग झाला. वाईट असेल तर नुसतं शहाणपण."

बुवांनी सुपातून एक खडा उचलला, डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि अंगणात भिरकावला.

"...बरं हाय," ते म्हणाले.

मेळघाटात कॉफी होते म्हटलं की खालची माणसं हसतात. हसू देत बापडी. चिखलदऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या या मठाच्या मागच्या उतारावर कॉफीची झुडपं आहेत, आणि ती कुणी लावली यावरून मठात दोन तट आहेत. एवढं मात्र खरं, की या मठात पहाटेच्या आरतीनंतर हातावर तीर्थ पडत नाही. ओट्यावर पंगत बसते आणि पितळी किटलीतून कॉफी मिळते. गुळाची, दाट, दुधाचा नुसता हात लागलेली.

मधुसूदन गुल्हाने मास्तर अमरावतीचे. कॉलेजात जीवशास्त्र शिकवून गेल्या उन्हाळ्यात निवृत्त झालेले. वर्गात बेडकाचं हृदय ज्या ठामपणे समजावून सांगायचे, त्याच ठामपणे ते सगळ्याच गोष्टी सांगत. माणूस मनाचा निर्मळ, पण समोरच्याला फळ्याकडे तोंड करून बसवायची सवय काही गेली नव्हती.

त्यांना बुवांचा अनुग्रह हवा होता. वडिलांना बुवांनी मंत्र दिला होता, थोरल्या भावाला दिला होता. घरात तेच एक कोरडे राहिले होते. निवृत्त झाल्यापासून ही गोष्ट त्यांना फार लागू लागली होती. साऱ्या जन्मात आपण लोकांना देतच आलो, आपल्या पदरात कुणी काही टाकलं नाही, असं त्यांना वाटे आणि ते वाटून रडू येई. रडू येतं हे मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

दिवाळीत ते पहिल्यांदा आले तेव्हा बुवा म्हणाले होते, "येक काहीतरी खरंखुरं सोडून या. मंग पाहू."

मास्तरांनी घरी जाऊन बराच विचार केला. राग सोडावा, तर तो सोडल्याचं दाखवता येत नाही. पत्ते ते खेळतच नव्हते. राहता राहिली कॉफी. सहा कप रोजचे! ती सोडली, तर साऱ्या गल्लीला कळेल.

आणि खरंच, सोडली. दात-ओठ खाऊन सोडली. मग पिशवी भरून मठात राहायलाच आले.

"तुमाले चांगलं-वाईट मोजाचंच हाय का?" बुवांनी विचारलं.

"शास्त्रीय पद्धतीनं."

बुवांनी सूप बाजूला ठेवलं आणि दोन्ही तळहात पुढे केले.

"इकडे फायदे टाका, तिकडे तोटे. येकेक बी."

मास्तर खुलले. असला विद्यार्थी त्यांना सबंध नोकरीत मिळाला नव्हता. त्यांनी सुपातून मूठभर बिया घेतल्या.

"फायदा. झोप उडते, माणूस ताजातवाना होतो." उजव्या तळहातावर एक बी पडली.

"तोटा. झोप उडते, रात्रभर कूस बदलत पडावं लागतं." डाव्यावर एक.

"हे तं येकच झालं."

"एक कसं? सकाळची झोप उडाली तर फायदा, रात्रीची उडाली तर तोटा."

"मंग यात कॉफीचं काय चुकलं?... बरं, चालू द्या."

"फायदा. चढलेलं डोकं उतरतं." बी. "तोटा. वेळेवर मिळाली नाही की तेच डोकं चढतं." बी. "फायदा. वाचनात, कामात लक्ष लागतं. तोटा. जास्त झाली की हात कापतात, छाती धडधडते. फायदा. सकाळी पोट..."

"समजलं."

"तोटा. उपाशीपोटी घेतली तर जळजळ. फायदा. यकृताला बरी असते, असं अलीकडे म्हणतात. तोटा. हाडांना बरी नाही, असंही म्हणतात."

"म्हननारे तेच का दुसरे?"

"वेगवेगळे असतात, बुवा. आणि शेवटचा तोटा, सगळ्यांत मोठा." मास्तरांनी चांगली टपोरी बी निवडली. "सवय. माणूस गुलाम होतो. सकाळी उठल्यावर देव आठवायच्या आधी कप आठवतो."

बी ठेवून ते मागे सरकले. डाव्या तळहातावर एक बी जास्त होती. त्यांनी ती आधीच मोजून ठेवली होती.

बुवांनी दोन्ही तळहातांकडे पाहिलं. मग शांतपणे दोन्ही एकमेकांवर ठेवले, चांगले खुळखुळवले आणि सगळ्या बिया भाजायच्या डब्यात ओतल्या.

"अहो बुवा! हे काय केलंत?"

"उद्याच्याले भाजू."

"पण उत्तर कुठे मिळालं?"

"पेऊन पाहू ना. फायदा जास्त लागते का तोटा."

"मी पीत नाही."

"हाव," बुवा म्हणाले. "तुमी पेत नाई."

त्यांनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं. उतारावरून कुणाच्या तरी गाईच्या गळ्यातली घंटा वाजत वर येत होती.

आता एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे पुढचं कळेल. या मठातल्या कॉफीच्या पंगतीला एक शिस्त आहे. स्वतःच्या कपात स्वतः ओतायची नाही. शेजाऱ्यानं ओतायची. आपण घोट घेतला, की किटली उचलायची आणि पुढच्याच्या कपात ओतायची. ज्यानं घोट घेतला नाही, त्यानं किटलीला हात लावायचा नाही. मागायची तर मुळीच नाही. किटली फिरत असते तोवर तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि ऊन ओट्याच्या कडेला टेकलं की पंगत उठते. पहिल्या दिवशी जो जिथे बसला, ती त्याची जागा. बुवांची जागा सगळ्यांत शेवटी.

न पिणारेही येतातच की मठात. त्यांच्यासाठी पलीकडच्या ओट्यावर दूध असतं. गुल्हाने मास्तरांनाही पहिल्या दिवशी तिकडेच बोलावलं होतं. पण मास्तर म्हणाले, कॉफीपासून लांब बसून कॉफी सोडण्यात काय मोठेपणा? मी पंगतीतच बसेन. कॉफीच्या वासात बसेन.

आणि बसले. पंगतीच्या बरोबर मध्यावर. रोज किटली समोर आली, की कप पालथा घालायचा, डोळे मिटायचे आणि ध्यान लावायचं. पंगत उठल्याचा आवाज झाला की डोळे उघडायचे.

"बुवा, एक सांगू का?" मास्तरांनी आवाज खाली आणला. "माझ्या तोंडून बरं दिसत नाही, पण..."

"सांगा ना."

"कप विसळायचं काम माझ्याकडे आहे. मी बघतो. अर्धे कप कोरडे असतात. वापरलेलेच नसतात."

"असं?"

"माझ्या आधीचे सगळे पितात. पण माझ्या पुढचे... पार्बताकाकूंपासून थेट तुमच्यापर्यंत... एकाच्याही कपाला डाग नाही. मी कुणाला उपदेश केला नाही, बुवा. एका शब्दानं नाही. नुसतं माझं बसणं पाहून सुटली त्यांची."

बुवा खडे निवडत राहिले. त्यांच्या मिशा मात्र जराशा हलल्या.

"तुम्हीसुद्धा सोडलीत," मास्तर भक्तिभावानं म्हणाले. "एवढ्या वयात."

"हाव बाप्पा. सुटली."

"पार्बताकाकूंना जरा त्रास होतोय. डोक्याला फडकं बांधून असतात. मी धीर दिला त्यांना. म्हटलं, चार दिवस दुखेल, मग सुटाल. सवय जाताना असं होतंच."

"मंग? काय म्हनली ते?"

"हाव म्हणाल्या." मास्तरांना आता थांबवेना. "घरीसुद्धा तेच झालं! शोभना, आमची मंडळी. कॉफी ती करायची आणि कपात मी ओतायचो. वरून धार धरून, फेस आणून. तिला ते जमत नाही, हात माझाच बसलेला. मी सोडली, त्या दिवसापासून तिनंही सोडली. मी चकार शब्द काढला नव्हता! दोन्ही कप फडताळात पालथे."

बुवांचा हात सुपातल्या सुपात थांबला.

"इचारलं का तिले?"

"काय विचारायचं? दिसतंच की."

त्यांनी सूप खाली ठेवून मास्तरांकडे पाहिलं.

"बुवा?"

"तुमाले मंत्र पाह्यजे ना, मास्तर?"

मास्तरांच्या छातीत धडधडलं, आणि यावेळी कॉफीचा काही संबंध नव्हता. "त्याचसाठी आलोय," ते म्हणाले. आवाज ओला झाला होता.

"मंग उद्याच्याले पंगतीत डोये उघडे ठेवजा."

"आणि?"

"आनखी काई नाई."

मास्तर जरा खट्टूच झाले. ज्याला डोळे मिटून तासभर बसता येतं, त्याला डोळे उघडे ठेवा म्हणून सांगायचं? पण गुरूची आज्ञा ती आज्ञा.

दुसऱ्या दिवशी पहाटे आरती झाली. डब्यातल्या बिया भाजून, कुटून, उकळून किटलीत आल्या होत्या. वास असा सुटला होता, की पलीकडच्या ओट्यावरचे दूधवालेही नाकं वर करून बसले होते. मास्तरांनी आवंढा गिळला आणि तो कुणी पाहिला तर नाही ना, हे पाहिलं.

किटली निघाली. एकानं ओतली, दुसऱ्यानं घोट घेतला, तिसऱ्याच्या कपात ओतली. मास्तरांच्या अलीकडे नथ्थूजी बसत, एसटीवर ड्रायव्हर होते. त्यांनी फुर्र करून घोट घेतला, मिशी पुसली आणि किटली उचलून मास्तरांपुढे धरली.

मास्तरांनी सवयीप्रमाणे कप पालथा घातला.

नथ्थूजींनी किटली त्यांच्यापुढे ठेवली आणि हात मांडीवर घेतले.

मास्तर डोळे मिटणार होते. मग आठवण झाली. त्यांनी डोळे मोठे केले आणि समोर पाहत राहिले.

किटली समोर होती. तोटीतून वाफ निघत होती.

ती वाफ निघत राहिली. किटली हलेना.

मास्तरांना आधी वाटलं, कुणीतरी आता उचलेल. आपल्यावरून पुढे जाईल. रोज जातच असणार. त्यांनी नथ्थूजींकडे पाहिलं. नथ्थूजी आढ्याकडे पाहत होते. त्यांनी दुसऱ्या बाजूला पाहिलं.

पार्बताकाकूंचा कप सुलटा होता.

डोक्याला फडकं आवळून बांधलेली ती म्हातारी दोन्ही हातांत रिकामा कप धरून बसली होती. कप असा धरला होता, की ओतणाऱ्याला सोपं जावं. तिनं एकदा किटलीकडे पाहिलं, मग आपल्या कपात पाहिलं, मग पुन्हा समोर पाहू लागली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तेच वाईट होतं.

तिच्या पलीकडचा कपही सुलटा. त्याच्या पलीकडचाही. ओट्याच्या टोकापर्यंत एकामागे एक सुलटे, कोरडे कप. आणि सगळ्यांत शेवटी उकंडबुवा, मांडी घालून, रिकामा कप हातात धरून. पंगतीत पालथा कप एकच होता.

मास्तरांचे कान तापले. इतकी लाज त्यांना जन्मात कधी वाटली नव्हती. आपण सोडल्यानं यांची सुटली, असं मनात आणून रोज नळावर ते कोरडे कप किती प्रेमानं विसळले होते त्यांनी! एकेक कप पुसताना ऊर भरून येत होता.

ऊन अंगणातून सरकत ओट्याच्या पायरीवर आलं होतं. अजून एक पायरी, की पंगत उठणार आणि म्हातारी कप घेऊन आत जाणार.

त्यांनी किटलीकडे हात नेला... आणि मागे घेतला. घोट न घेतलेल्यानं किटलीला हात लावायचा नाही.

म्हणजे ओतायची, तर आधी प्यायला हवी. प्यायली, तर व्रत मोडलं. व्रत मोडलं, तर गुरूला दाखवायला हातात काय राहिलं? वडिलांना मिळाला, भावाला मिळाला, आणि आपण...

त्यांनी बुवांकडे पाहिलं. काही खूण मिळेल, मान हलेल, म्हणून. बुवांनी तेवढ्यात डोळे मिटून घेतले होते.

पार्बताकाकूंनी एक हात कपावरून काढला आणि कपाळावरचं फडकं जरा सारखं केलं.

मास्तरांनी आपला कप सुलटा केला.

नथ्थूजी जणू तयारीतच होते. किटली उचलून त्यांनी ओतली ती काठोकाठ, आणि हसू दाबताना त्यांचे खांदे हलत होते. मास्तरांनी कप तोंडाला लावला.

कॉफी उत्तम होती. खोटं कशाला बोला? एवढ्या दिवसांची ती पहिली कॉफी घशातून खाली उतरली आणि मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यात फायदे किती आणि तोटे किती, काही केल्या वेगळे लागेनात.

मग त्यांनी किटली उचलली. जरा वर धरून, फेस येईल अशी धार पार्बताकाकूंच्या कपात धरली. थोडी सांडलीसुद्धा. काकूंनी घोट घेतला, डोळे मिटले आणि तशाच क्षणभर बसून राहिल्या. मग त्यांनी किटली उचलून पुढच्याला ओतली.

किटली चालू लागली. ऊन ओट्याच्या कडेला टेकलं, तेव्हा ती बुवांपाशी पोचली होती. तळाशी जेमतेम अर्धा कप उरला होता. बुवांनी तो चवीनं प्यायला, तळाचा गूळ बोटानं निपटून खाल्ला आणि कप खाली ठेवला.

मग एकदम सगळे हसले. कितीतरी दिवस दाबून ठेवलेलं हसू होतं ते.

"काकू," मास्तर हात जोडून म्हणाले, "मला सांगायचं तरी!"

"किटलीपाशी बोलाचं नाई. अन् मंग बुवानं सांगतलं होतं, मास्तर सोडून राह्यले, त्याईले सोडू द्या." पार्बताकाकूंनी डोक्याचं फडकं सोडून खांद्यावर टाकलं. "पन तुमी म्हनत होते ते खरं निंगालं हो, मास्तर. सुटलं डोक्सं."

"आणि बाकीचे? तुम्ही सगळे इतके दिवस..."

पंगतीतली माणसं एकमेकांकडे पाहू लागली. शेवटी नथ्थूजी म्हणाले, "ते जात होते मास्तर, मांगच्या दारानं चुलीपाशी. स्वयंपाकी द्याचा त्याईले, गुपचूप. ही काकूच तेवढी गेली नाई. म्हने, पंगतीची ते पंगतीतच पेईन."

"आणि बुवा?"

नथ्थूजींनी नुसती नकाराची मान हलवली. हसणारे आपापले कप गोळा करू लागले.

मास्तर उठले आणि ओट्याच्या टोकाला जाऊन बुवांपुढे बसले. त्यांनी विद्यार्थ्यासारखी मान खाली घातली. सबंध नोकरीत असं झालं नव्हतं.

"बुवा, व्रत मोडलं माझं."

"हाव. पाह्यलं मी."

"तुमचे तर डोळे मिटलेले होते."

"वास आला ना."

मास्तरांना हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. "मी काही सोडू शकलो नाही, बुवा. रिकाम्या हातानं आलो आणि आता तर तेवढंही..."

बुवांनी कमरेच्या पिशवीतून एक पुडी काढली. सकाळीच कुटलेली कॉफी होती. कागदाला अजून ऊब होती. त्यांनी ती मास्तरांच्या हातात ठेवली आणि त्यांची बोटं तिच्यावर मिटवली.

मास्तर हातातल्या पुडीकडे पाहत राहिले.

"आणि मंत्र?" त्यांनी हळूच विचारलं.

बुवांनी आपला रिकामा कप त्यांच्यापुढे सरकवला, विसळायला.

"आंधी घरी जा, मास्तर. तिकडे किटली थांबून हाय."